येणारं की जाणारं?

दारात चपला काढता काढताच बाई उजव्या हाताची तर्जनी वर करीत आणि विचारीत, "येणारं की जाणारं?"

प्रश्न ई-मेलविषयी असे. मेल येत नाही की जात नाही, एवढेच त्यांना आधी हवे असे. परंतु ज्याला त्यांची ओळख नाही, त्याला तो प्रश्न एखाद्या कीर्तनकाराने विचारल्यासारखा वाटे. आमच्या इमारतीतील एका वयोवृद्ध गृहस्थांनी "बाई, या वयात आता जाणारंच म्हणायचं," असे उत्तर दिले होते. बाई हसल्या नाहीत. "मग पाठवणाऱ्या सर्व्हरपासून सुरू करू," म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

आपणही अशी माणसे पाहिली असतील, ज्यांची नोकरी संपते पण नोकरीतले शब्द संपत नाहीत. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पर्यवेक्षक होत्या. तिथे प्रत्येक तार एकतर येणाऱ्या बोलण्याची किंवा जाणाऱ्या बोलण्याची. निवृत्तीनंतर त्यांनी संगणकाचा अभ्यास केला तो याच विभागणीवर. जगातील प्रत्येक बिघाड या दोहोंपैकी एका बाजूला असतो, असे त्यांचे ठाम मत होते. "आणि दोन्हीकडे असला तर?" असे मी एकदा विचारले. "तर तो बिघाड नसतो. कोणीतरी मेन स्विच बंद केलेला असतो."

वर्तकनगरात त्या आमच्या शेजारच्या इमारतीत राहत. माहेर डोंबिवलीजवळच्या एका जुन्या गावातले; वडील मिठागरावर होते, हे त्या अभिमानाने सांगत. आमच्याशी बोलताना भाषा अगदी स्वच्छ, पुस्तकी. पण भावाचा फोन आला की "हाव रं, मना ठाव हाय" अशी एकदम मोकळी होई, आणि चेहराही.

त्यांची आणि माझी ओळख माझ्या संतापातून झाली. मी कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. एका कारखान्याच्या कायदा विभागात आयुष्य गेले. निवृत्तीनंतर मी पत्रे लिहितो. संबंधित अधिकाऱ्यांना, सकारण, कलमांच्या उल्लेखासह. ही पत्रे मी माझ्या टेबलावरील संगणकातल्या ई-मेलच्या प्रोग्राममधून पाठवतो, कारण त्यात प्रत्येक प्रत माझ्या घरात राहते. मोबाइलवर मी मेलची सोय ठेवलेली नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

त्या वेळी आमच्या रस्त्यावरील गटाराचे झाकण नाहीसे झाले होते. मी पत्र पाठवले. उत्तर नाही. स्मरणपत्र पाठवले. उत्तर नाही. न्यायालयात खेचण्याची अंतिम सूचना पाठवली, तरीही शांतता. वसाहतीच्या सभेत उभा राहून मी प्रशासनाच्या त्या निगरगट्ट मौनावर अर्धा तास बोललो. सभा संपल्यावर बाई जवळ आल्या.

"वकीलसाहेब, तुम्हाला इतर कोणाच्या मेल येतात का?"

"येतात की! रोज येतात. माझी जोडणी उत्तम आहे."

"येणारं चालू आहे. जाणाऱ्याचं काय?"

"येते तिथून जाणारच ना?"

"अहो, घरात नळाला पाणी येतं म्हणून मोरी तुंबायची राहते का?"

दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या आणि त्यांनी मला प्रोग्राममधला आउटबॉक्स उघडायला लावला. माझी सर्व पत्रे तिथे रांगेत उभी होती. विनंती, स्मरणपत्र, अंतिम सूचना. एकही घराबाहेर पडलेले नव्हते. ज्या मौनाचा मी जाहीर धिक्कार केला होता, ते मौन माझ्याच टेबलावर होते.

कारण साधे होते. मी पासवर्ड बदलला होता. "येणाऱ्या दाराची किल्ली बदललीत," बाई म्हणाल्या, "जाणाऱ्या दाराला जुनीच राहिली. हा प्रोग्राम दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या ठेवतो."

"मग त्याने मला तसे कळवायला हवे होते! ही सरळसरळ सेवेतील त्रुटी आहे."

"कळवत होता. मेल पाठवताना पडद्यावर एक चौकोन यायचा का?"

"यायचा. मी तो बंद करीत असे."

"न वाचता?"

"त्यातील भाषा उर्मट होती."

बाईंनी माझ्या कपाटातील कायद्याच्या पुस्तकांकडे पाहिले. "कलम वाचता, पोटकलम वाचता, त्याखालचं परंतुकही वाचता. आणि समोर आलेला चौकोन तेवढा ढकलून देता?"

मी नवी किल्ली बसवली आणि पत्रे एकामागून एक निघाली. संबंधित कार्यालयातील त्या बिचाऱ्या लिपिकाला (बिचारा हा शब्द मी सरकारी लिपिकासाठी आयुष्यात प्रथमच वापरीत आहे) नम्र विनंती, स्मरणपत्र आणि न्यायालयाची धमकी एकाच मिनिटात मिळाली. झाकण मात्र त्याच आठवड्यात बसले.

तेव्हापासून मी त्यांना काम करताना पाहत आलो. त्या स्वतः कळफलकाला हात लावीत नसत. "मी केलं तर उद्या पुन्हा मलाच बोलवाल," असे म्हणून हात मांडीवर ठेवून बसत. चहा विचारला तर "आधी दार उघडू दे" असे उत्तर येई. "मेल चालत नाही" असे कोणी म्हटले की त्यांच्या कपाळावर आठी पडे. "चालत नाही ही तक्रार झाली. बिघाड सांगा."

नौपाड्यातील माझ्या एका दंतवैद्य मित्राकडे मी त्यांना एकदा घेऊन गेलो. डॉक्टरांनी बाई येण्यापूर्वी घाबरून प्रोग्राममधली दिसेल ती सेटिंग बदलून पाहिली होती. बाईंनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "डॉक्टर, एकाच दिवशी चार दात उपटल्यावर मूळचा दुखणारा कोणता होता, ते कसं शोधायचं?" डॉक्टर खजील झाले, मी मनोमन सुखावलो. त्यानंतर बाईंनी त्यांच्याकडून एकेक बदल मागे घेववला. एक बदल, मग एक मेल. पुन्हा एक बदल, पुन्हा एक मेल. दवाखान्यात रुग्ण खोळंबले होते, पण बाईंचा स्वर एकदाही चढला नाही. मला आयुष्यात जी गोष्ट कधी साधली नाही, ती त्यांना सहज साधत असे: बिघाडावर न रागावता त्याच्या मागे लागणे.

आता त्या दिवसाविषयी सांगतो.

आमच्या वसाहतीला दोन वाटा आहेत. समोरच्या फाटकाची गल्ली दोन्ही बाजूंनी लावलेल्या वाहनांनी इतकी आवळलेली आहे की तिथून रुग्णवाहिका आत येऊच शकत नाही. ती येते पाण्याच्या टाकीमागील रस्त्याने. शेजारच्या भूखंडावरील विकासकाने आपल्या नव्या आराखड्यात हाच रस्ता स्वतःची पार्किंगची जागा म्हणून दाखवला. ज्या वसाहतीत निम्मी माणसे सत्तरीपुढची आहेत, तिथे रुग्णवाहिकेची ही एकमेव वाट! हरकती ई-मेलनेच स्वीकारल्या जाणार होत्या, त्याही वसाहतीच्या मंडळाच्या नोंदलेल्या पत्त्यावरूनच, आणि मंडळाचा पत्रव्यवहार मी पाहत असल्याने तो पत्ता फक्त माझ्या संगणकावर होता. अखेरच्या दिवशी कार्यालय बंद होण्यापूर्वी हरकत पोहोचली नाही, तर रस्ता गेला.

त्या अखेरच्या दिवशी सकाळी वीज गेली. ती दुपारी आली. मी हरकतीचा मसुदा उघडून शेवटचा हात फिरवला, जतन केला आणि मेलला जोडला. पण मेल जाईना. नवी मेलही येईना. माझा पहिला निष्कर्ष असा, की विकासकाने माझी जोडणी तोडली. पोलीस ठाण्यात द्यावयाच्या तक्रारीची पहिली दोन वाक्ये मी मनात रचलीसुद्धा. मग बाईंना फोन लावला.

बाई डोंबिवलीला होत्या. भाच्याची हळद होती. फोन उचलला गेला तो बेंजो पथकाच्या दणदणाटात.

"बाई, अत्यंत निकडीचे आहे!"

"कोण? मोठ्यानं बोला! आरं ए, आवाज कमी कर रं जरा! हं, वकीलसाहेब. येणारं की जाणारं?"

"दोन्ही."

"दोन्ही म्हणजे बिघाड नव्हे. मेन स्विच शोधायचा. चौकोन आलाय?"

"आला आहे. मी बंद केलेला नाही."

"शाब्बास. वाचा. अर्थ सांगू नका, नुसतं वाचा."

मी वाचू लागलो. समोरच्या सर्व्हरचे ओळखीचे प्रमाणपत्र या वेळी वैध नाही, अशा आशयाचा मजकूर होता.

"थांबा. 'या वेळी' असं लिहिलंय? मग कुठल्या वेळी, ते बघा. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय आहे?"

मी पाहिले. माझ्या संगणकाच्या मते मी अजून नोकरीत होतो.

"बघा," बाई बेंजोवर आवाज चढवून म्हणाल्या, "तो सर्व्हर बिचारा ओळखपत्र दाखवतोय, आणि तुमचा संगणक म्हणतोय, हे तर अजून जारीच झालेलं नाही. म्हणून त्यानं दार लावून घेतलं. तुमच्यासारखाच आहे तो. कायद्याला पक्का! आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, वीज नसताना घड्याळ ती चालवते. ती संपली असणार. पण इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळायला हवी होती."

"ती सोय मी बंद करवून घेतलेली आहे."

"का बरं?"

"माझ्या संमतीशिवाय कोणी परस्पर तारीख बदलावी, हे मला मान्य नाही."

बाईंना खळखळून हसताना मी प्रथमच ऐकले. मागे कोणीतरी "काय झाला गं आत्या?" असे विचारलेलेही ऐकू आले.

मी माझ्या हाताने तारीख दुरुस्त केली. तत्क्षणी मेल येऊ लागल्या. मी पाठवण्याच्या खुणेवर बोट नेले, इतक्यात त्या म्हणाल्या, "थांबा! हरकतीच्या कागदावर तारीख कोणी घातली? तुम्ही की संगणकानं?"

मी जोडलेला कागद उघडला. माझ्या पत्रांच्या नमुन्यात तारीख आपोआप पडते. ती व्यवस्था मीच मोठ्या हौसेने केली होती. हरकतीवर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख होती. जो आराखडा तेव्हा कागदावरही नव्हता, त्याला घेतलेली हरकत! विकासकाच्या वकिलाला याहून अधिक काहीही लागले नसते. ज्या माणसाने जन्मभर कार्यालयांवर मागील तारखा घालण्याचे आरोप केले, त्याच्याच सहीवर मागील तारीख.

मी ती बदलली, कागद पुन्हा जोडला आणि मेल पाठवली.

"आउटबॉक्स?" बाईंनी विचारले.

"रिकामा."

"पोच?"

आम्ही दोघेही थांबलो. फोनमध्ये बेंजो वाजत राहिला. मग कार्यालयाची पोच आली.

"आली," मी म्हणालो.

"मग मी आता हळद लावून येते," बाई म्हणाल्या. "मघापासून सगळे वाटी घेऊन उभे आहेत."

सुनावणी झाली. विकासकाच्या वकिलाने हरकतीचा कागद हातात घेतला आणि सर्वप्रथम तारीख पाहिली. मी त्याच्याकडे पाहत होतो. त्याने कागद खाली ठेवला. टाकीमागील रस्ता जिथे होता तिथेच राहिला.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी बाईंच्या छातीत दुखू लागले. मी पोहोचलो तेव्हा रुग्णवाहिका त्यांच्या जिन्याच्या पायरीला लागलेली होती. स्ट्रेचरवरून त्यांनी मला पाहिले.

"टाकीकडून आली का ही?"

"टाकीकडून."

त्यांनी मान हलवली. तर्जनी किंचित वर झाली. काही विचारायचे होते की नुसती सवय, ते मला सांगता येणार नाही. दार लागले आणि गाडी त्याच रस्त्याने, कुठेही न अडखळता, निघून गेली.

रुग्णालयात त्यांना भेटू देत नव्हते. म्हणून मी त्यांना मेल लिहिली. बॅटरी नवी बसवली आहे. बाहेरून वेळ जुळवून घेण्याची सोय, माझे आक्षेप राखून, सुरू केली आहे. आता कोणताही चौकोन मी शेवटपर्यंत वाचतो, असे तीत सविस्तर नमूद केले. तारीख स्वतःच्या हाताने घातली. पाठवल्यावर आउटबॉक्स उघडून पाहिला. तो रिकामा होता. चौकोन आला नाही. जाणारे सुरळीत गेले होते.

बाई परत आल्या नाहीत.

माझ्या पत्राला उत्तर न देणाऱ्याची मी आजवर गय केलेली नाही. या एका पत्राला मी स्मरणपत्र पाठवलेले नाही.