रुमालाखालचा तिसरा हात

मला मल्लूनं फसवलं असं बाजारात बोललं जातं. ते खोटं आहे. मला फसवलं इमामचाचांनी, आणि तेही मेल्यावर दोन वर्षांनी.

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर हसत आलोय. बैलाच्या तोंडात हात घालून दात स्वतः बघितल्याशिवाय मी मालकाच्या शपथेवरही विश्वास ठेवत नाही. अनवाणी आलो होतो नळदुर्गच्या बैलबाजारात, आज दलालांत पहिलं नाव माझं घेतात. त्यामुळं इथल्या वाचकांनी मला भोळा समजू नये.

आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. आजूबाजूला पन्नास माणसं असली तरी भाव त्या दोघांतच राहतो. रुमालाखाली तिसरा हात जातो तो एकदाच — उस्ताद आपल्या चेल्याच्या हातावर हात ठेवतो तेव्हा. त्या दिवसापासून चेल्याचा शब्द म्हणजे उस्तादाचा शब्द.

इमामचाचा माझे उस्ताद. अठरा वर्षं त्यांच्यामागं फिरलो. मल्लू नंतर आला, अक्कलकोटकडचा, अर्धं कानडी बोलणारा, गाईसारखा गरीब. तो हात मला मिळणार हे ठरलेलं होतं. पण एकदा एका गिऱ्हाइकानं इतका पाडून भाव मागितला की माझं डोकं फिरलं, आणि रुमालाखालचा आकडा मी भर बाजारात ओरडून सांगितला. झाली चूक! चाचा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अब्बी नै रे. थोडा ठंडा हो. दसरे के बाद तेरेकूच देतूं." दसऱ्याच्या आधीच चाचा गेले. कबरीत उतरवणाऱ्यांत मी होतो. माती माझ्या हातानं टाकली.

दोन वर्षांनी पुण्याची एक मॅडम बाजारावर डॉक्युमेंटरी करायला आली. आठ दिवस मी तिला सगळं समजावलं. शेवटच्या दिवशी ती म्हणाली की मल्लूचा एक सौदा घेऊ, त्याचा चेहरा शांत आहे. शांत! लिंबाखाली मल्लू आणि तुळजापूरकडचा एक शेतकरी बसले. ऊन होतं म्हणून कॅमेऱ्यावर छत्री धरून मीच उभा राहिलो, चार हातांवर. मल्लूच्या पाठीला लिंबाचं खोड, शेजारी मोकळी जागा. तिसरं कुणी नव्हतं. हे मी कुठंही सांगायला तयार आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे यंदा, धाराशिवला एका कॉलेजच्या सभागृहात माहितीपटांचा महोत्सव झाला. गाजलेले माहितीपट होते. सकाळी मधमाश्या पाळणाऱ्या बायकांवरचा बघितला, मग हातमागावरचा. चांगले होते, पण माझं लक्ष नव्हतं. बाहेरच्या पोस्टरवर मल्लूचा चेहरा होता, माझ्या दारापेक्षा मोठा. जेवणानंतर आमचा लागला. मी त्यात दोनदा दिसलो, दोन्ही वेळा पाठमोरा.

मग लिंबाखालचा सौदा आला. रुमाल पडला, दोघांचे हात आत गेले… आणि मल्लूच्या शेजारून तिसरा हात पुढं आला. उजवा. तर्जनीचं वरचं पेर नसलेला — कासऱ्यात अडकून तुटलेलं. त्या हातामागं चाचा बसलेले, तीच पांढरी टोपी. हात रुमालाखाली गेला आणि मल्लूच्या हातावर थांबला. मग चाचांनी मान वर करून सरळ माझ्याकडं बघितलं. म्हणजे कॅमेऱ्याकडं. पण कॅमेऱ्यामागं कोण उभं होतं?

सभागृहात टाळ्या वाजल्या. माझ्या अंगावर काटा आला असं लिहायला हवं, पण खरं सांगतो — मला जळजळ झाली. नुसती जळजळ.

संपल्यावर मॅडमला गाठलं. ते म्हातारे कोण, असं विचारलं तर तिनं मलाच उलट विचारलं. एडिटिंगला बसल्यावर तिला ते पहिल्यांदा दिसले होते. आमच्यातलेच कुणी असतील असं वाटून तिनं शॉट ठेवला. शूटिंगच्या वेळी बघितल्याचं तिला आठवत नाही, कॅमेरावाल्यालाही नाही.

मल्लू पायऱ्यांवर बसला होता. लोक त्याच्यासोबत फोटो काढत होते. मी त्याला बाजूला ओढलं.

"तुला माहीत होतं?"

"मला काय दिसलं न्हाय, अण्णा. हात लागला तेवढा. बोट आखूड हुतं, त्यावरनं कळलं."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीस?"

"तुमी भांडला असता."

"मग आता काय करतोय मी?"

"म्हूनच न्हाय बोललो," असं म्हणून तो माझ्या पाया पडला. त्याचाच राग जास्त आला.

तो शॉट मी मॅडमच्या लॅपटॉपवर परत परत बघितला. चाचांसारखं दिसणारं दुसरं कुणी म्हणावं, तर ते बोट? कॅमेऱ्याची करामत म्हणावी, तर मॅडमनं चाचांना कधी पाहिलंच नव्हतं. मला उलगडा झालेला नाही, होईल असं वाटतही नाही.

पण माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. जिवंत माणसानं शब्द फिरवला तर बाजारात चार जण बसवून त्याला विचारता येतं. इथं कुणाला बसवू? चाचा, मातीतून उठून यायची ताकद तुमच्यात होती. आलात, आणि माझ्यासमोर दुसऱ्याच्या हातावर हात ठेवलात. तेरेकूच म्हणाला होतात ना? मग मी चार हातांवर उभा असताना तो हात मला का नाही दिलात? जसे त्या दिवशी आलात तसेच या, आणि उत्तर द्या.