कावाच्या चाचणीला परबकाका

६२१ नंबरचा कप परबकाकांनी उचलला होता आणि त्यांना कसं थांबवायचं ते मला सुचत नव्हतं.

मी फूड टेक्नॉलॉजिस्ट आहे. प्रभादेवीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची छोटी लॅब आहे. कंपन्या नवीन पेय, सॉस, बिस्किटं बाजारात आणण्याआधी आमच्याकडून त्यांची चव तपासून घेतात. याला सेन्सरी टेस्ट म्हणतात. दहा-बारा माणसं ओळीने बसवायची, कपावर नाव न घालता नुसता तीन आकडी नंबर घालायचा, आणि घोट घेऊन त्यांनी मार्क द्यायचे. पहिली फेरी आम्ही आमच्या स्टाफवरच घेतो.

त्या दिवशी कपात कावा होता. पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या एका झाडाचं मूळ. ते कुटून गार पाण्यात कुस्करतात आणि फडक्यातून गाळून पितात. जीभ जराशी बधिर होते, अंग सैल पडतं, डोकं मात्र बऱ्यापैकी जाग्यावर राहतं. तिकडची माणसं संध्याकाळी गोल करून बसतात ती हेच पीत. आमच्या क्लायंटला ते बाटलीत भरून दारूला पर्याय म्हणून विकायचं होतं. परवानगीचं काम त्याचा सल्लागार बघत होता. चव लोकांना झेपेल का, एवढंच आम्ही सांगायचं होतं.

एक अट होती, ती मीच लिहिली होती. कावा दारूबरोबर चालत नाही, काही गोळ्यांबरोबर चालत नाही, आणि ज्याचं लिव्हर दुखावलेलं आहे त्याने तो घ्यायचाच नाही. म्हणून आधी फॉर्म. इंग्रजीत चार प्रश्न, हो किंवा नाही, खाली सही. सकाळी अकरा फॉर्म माझ्या टेबलावर आले. सगळी उत्तरं ‘नाही’. मला बरं वाटलं.

कप वाटून झाल्यावर मी सहज फाइल चाळली. अकराही फॉर्मवरच्या टिकच्या खुणा एकाच हाताच्या होत्या. जांभळी शाई, वर वळलेलं शेपूट.

“मृणाल, हे सगळे तू भरलेस?” मी रिसेप्शनवरच्या मृणालला हळूच विचारलं.

“हो ना. सगळे कामात होते गं. सह्या त्यांच्याच आहेत.”

तिची चूक नव्हती. आमच्याकडे मेडिक्लेमपासून पिकनिकपर्यंत सगळ्यांचे फॉर्म मृणालच भरते. तिचं अक्षर चांगलं आहे.

मी समोर बघितलं. परबकाका आमचे स्टोअरकीपर, लालबागला राहतात. मागच्या वर्षी ते दीड महिना रजेवर होते. कावीळ झाली, असं सांगितलं होतं. परत आले तेव्हा त्यांचा शर्ट दोन साइज मोठा दिसत होता. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर चार-पाच जण ‘बसायला’ जातात, त्यांच्यात ते पुन्हा कधी दिसले नाहीत. मी कमी बोलते, त्यामुळे असल्या गोष्टी लक्षात राहतात.

त्यांना एकट्याला थांबवलं असतं तर का थांबवलं ते सगळ्यांना कळलं असतं. आणि कप ओठाला लागत होता.

“सगळ्यांनी कप खाली ठेवा. प्लीज.”

“काय गो, विष घातलंयस काय ह्यात?” परबकाका म्हणाले. सगळे हसले. पण कप खाली गेला.

माझे बॉस नीलेशसर क्लायंटला घेऊन आत आले. “तन्वी, काय चाललंय?”

“सर, फॉर्म परत भरायला हवेत. एकेकाला विचारून.”

“आत्ता? अगं, सगळी आपलीच माणसं आहेत.”

क्लायंट घड्याळ बघत म्हणाला, “एक कप से क्या होता है, यार?”

“बहुतेक काहीच होणार नाही,” मी म्हटलं. “पण ज्याला होईल तो कोण, ते मला माहीत नाही.”

 सर ओळीकडे वळून मोठ्याने म्हणाले, “चला, पटकन सांगा. लिव्हर, गोळ्या, दारू, कोणाचं काही?”

मला कानकोंड्यासारखं झालं. असं चारचौघांत कोण सांगणार? पहिला म्हणाला, नाही. दुसरी म्हणाली, नाही सर. तिसरा, चौथा, नाही, नाही. पाचवे परबकाका.

 त्यांनी कप दोन बोटांनी पुढे सरकवला.

“माझा उचल. मागच्या वर्षीची कावीळ साधी नव्हती. दारूने लिव्हर गेलं होतं. गोळ्या अजून चालू आहेत.”



“मग काका, आलात कशाला?” सरांनी विचारलं. आवाज उतरला होता.

“शनिवारी चाळीत सगळे बसतात. मी आपला लिंबूपाणी घेऊन त्यांच्यात. म्हटलं, हे बाजारात आलं तर आपल्या ग्लासात पण काहीतरी असेल.”

त्यानंतर पहिल्या खुर्चीवरच्या पवारने हात वर केला. “सर, मी काल रात्री घेतली होती. थोडी.” अकाउंट्सच्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, “माझी झोपेची गोळी असते. ती धरायची का?” धरायची होती.

आठ जणांवर टेस्ट झाली. मार्क वाईट आले. एकाने ‘गाळलेला चिखल’ असं लिहिलं. पण रिपोर्टमध्ये मी चवीच्या आधी दुसरी गोष्ट घातली. बाटलीवर ‘दारू सोडलेल्यांसाठी खास’ असं छापायचं ठरलं होतं. दारू सोडलेल्यांपैकी कित्येकांनी ती लिव्हरपायीच सोडलेली असते, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. क्लायंट दोन दिवस चिडला, मग ती ओळ काढली आणि कोणी पिऊ नये ते पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात घेतलं. कावा अजून बाजारात आलेला नाही.

संध्याकाळी मी स्टोअरमध्ये गेले. काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून बाकीचेही बोलले, त्याबद्दल त्यांना थँक्यू म्हटलं.

“मला कसले थँक्यू?” ते खोके मोजत म्हणाले. “तू थांबवलंस म्हणून बोललो. नायतर गपचूप प्यायलो असतो.”

आता मी फॉर्म घेऊन स्टोअरमध्ये बसते. एकेकाला आत बोलावते, दार लावते आणि मराठीत विचारते. वेळ तिप्पट लागतो. ‘हो’ मात्र बरेच निघतात.