मोकळ्या ओळी

अमोलिक सर गेल्याचं मला चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. फोटो, खाली दफनविधीची वेळ, आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. बावीस वर्षं दर मंगळवारी ज्यांच्या घरी जात होतो, त्यांची बातमी मला सगळ्यांबरोबर मिळाली. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, वेगळा फोन केला नाही. का केला नाही, हे मला विचारावं लागलं नाही.

कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते तिथे चार-पाच जणांना हिब्रू आणि ग्रीक शिकवत. उशिरा येणाऱ्याला दार उघडत नसत. मी ग्रंथपाल, उपदेशांना कंटाळून मूळ शब्दांकडे वळलेला. का शिकायचंय, असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं. बायबलचा खरा अर्थ कळावा म्हणून, असं मी सांगितलं. "मग घाई करू नका," ते म्हणाले. "इथे बहुतेक वेळा आपल्याला काय कळलेलं नाही, तेवढंच कळतं."

त्यांचा मुलगा वारज्याजवळ स्कूटरच्या अपघातात गेला तेव्हा मी त्यांच्या घरी होतो. भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही कारण घेऊन येत होता. देवाची योजना, देवाला चांगली माणसं लवकर लागतात... सर सगळ्यांना चहा विचारत होते. महिन्याभराने त्यांनी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक मराठीत आणायला घेतलं, थेट हिब्रूवरून. सर्वस्व गेलेल्या माणसाला मित्र येऊन कारणं समजावतात, ते पुस्तक. हे का निवडलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्यातले काही शब्द साऱ्या जुन्या करारात एकदाच येतात. त्यांचा अर्थ कुणालाच नक्की ठाऊक नाही. भाषांतरकार अंदाज करतात आणि पुढे जातात. सर पुढे जात नसत. घरातले चारही कोश पाहून झाले, शेजारच्या भाषांमधले शब्द ताडून झाले, तरी उलगडलं नाही, की वहीत तेवढी जागा मोकळी सोडत. वर्गातल्या एका बँकेतल्या गृहस्थांना हे पटेना. मूळ लेखकाला काहीतरी म्हणायचंच असेल ना, असं ते म्हणाले. "असेल," सर म्हणाले. "पण त्याने ते मला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं असेल तर आम्हालाही कळवा."

छापणाऱ्या समितीला मात्र मोकळ्या ओळी चालेनात. लोकांना पुस्तक अपुरं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. जागा भरा, नाहीतर हस्तलिखित परत न्या. सरांनी ते परत आणलं. दोन वर्षं तसंच गेली. मग त्यांचं हृदयाचं दुखणं निघालं, आणि ते इस्पितळात असताना मी जे केलं ते इथे लिहिल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

त्यांच्या वह्या मीच संगणकावर उतरवल्या होत्या. प्रत माझ्याकडे होती. मी इंग्रजी भाषांतरं समोर ठेवली आणि एकेक जागा भरली. सरांचीच शैली घेतली, बावीस वर्षांत तेवढी आली होती. समितीला सांगितलं, सरांनी मान्य केलं आहे. त्यांनी हातात पुस्तक न घेता जाऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. वाक्यं जमली म्हणून मला आनंद झाला होता, हेही खरं आहे.

सर वाचले. पुस्तक घरी आलं. मंगळवारी मी गेलो तेव्हा ते टेबलावर उघडं होतं.

"हे आपण लिहिलंत?"

मी हो म्हणालो.

"छान उतरलंय," ते म्हणाले. "माझ्या मुलाच्या वेळी लोक असंच छान बोलत होते."

त्यानंतर वर्ग बंद झाला. तब्येतीमुळे, असं बाकीच्यांना सांगितलं गेलं. मी दोनदा गेलो. काकूंनी दारातूनच, सर पडलेत, असं सांगितलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला होता.

गेल्या रविवारी स्मरणसभा झाली. वाचन मी करावं, असा काकूंनी निरोप पाठवला होता. मला बरं वाटलं. वेदीजवळ त्यांनी छापील पुस्तकाची सरांची स्वतःची प्रत माझ्या हातात दिली, खूण घातलेली, आणि पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. मी वाचू लागलो. चौथ्या ओळीला अक्षरं संपली. तिथे पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती, कडा नखाने दाबून बसवलेल्या. पुढच्या पानावर आणखी दोन. जिथे जिथे माझे शब्द होते तिथे तिथे. पट्ट्यांखालचं मला पाठ होतं. काकू चष्म्यातून माझ्याकडे पाहत होत्या.

मी थांबलो. बराच वेळ थांबलो.

मला गहिवरून आलं, असं लोकांना वाटलं. कुणीतरी हळूच उठून पाण्याचा ग्लास आणून दिला. मी तो घेतला आणि पाणी प्यायलो.