किसन मास्तरांचा सीझन

किसन मास्तर कुणाला वय विचारत नसत. ‘किती सीझन पाहिले?’ असं विचारत. अमरावतीच्या त्यांच्या बँडमध्ये मी कॉर्नेट वाजवायला गेलो तेव्हा मलाही तेच विचारलं. मी म्हटलं, “एकही नाही.” त्यावर म्हणाले, “मंग तू अजून जन्मला नाहीस, बाबू.”

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. आमच्याकडे कापसाचा सीझन असे, संत्र्याचा असे, पण मास्तरांना सीझन ठाऊक होता तो एकच, लग्नाचा. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत सीझन, उरलेलं वर्ष ‘ऑफ’. कुणी खोकलं तरी विचारत, “सीझनात खोकला आणाले कोनं सांगतलं तुले?” बायको भांडायला आली की म्हणत, “हे ऑफले ठेव.” ती म्हणे, “ऑफले तुमी झोपता.”

त्यांच्या बँडची एक रीत होती. तुळशीचं लग्न लागलं की मास्तर सगळ्यांना रांगेत उभं करून एकेकाला विडा देत. विडा घेतला की सीझनच्या शेवटच्या वरातीपर्यंत माणूस बांधला गेला. मध्येच सुटणाऱ्याला मास्तर परत उभं करत नसत, आणि त्यांचा शब्द अकोल्यापर्यंतचे बँडवाले मानत. सख्ख्या भाच्यालाही त्यांनी असंच कायमचं घरी बसवलं होतं.

माझे वडील कापसाच्या जिनात मजुरी करत. दीक्षा घेतल्यापासून त्यांना एकच ध्यास होता, मुलानं सरकारी कचेरीत बसावं. भर वैशाखात मला अकोल्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि नेमकं त्याच दिवशी बँडला अकोल्यापुढच्या हिवरखेडची वरात होती. विडा घेतलेला, त्यामुळे मास्तरांना सांगायची माझी छाती होईना. आमचा ट्रक मूर्तिजापूर सोडून पुढे गेला तेव्हा मी ढोलवाल्या रहीमभाईंच्या कानात सांगितलं. ते लगेच ओरडले, “मास्तर, हा पोट्टा साहेब होऊन राहिला.”

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. “सांगतलं काहून नाही?”

“विडा घेतला होता, मास्तर.”

अकोल्याच्या एका चौकात त्यांनी ट्रक थांबवला. “उतरा सारे. कोट घाला.”

ऊन रणरणत होतं. लाल कोट घालून आम्ही रस्त्यात उभे राहिलो. मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि सीझनच्या शेवटच्या वरातीला वाजवायची धून सुरू केली. माझं कॉर्नेट असं कधी वाजलं नव्हतं. भोवती गर्दी जमली. एका टांगेवाल्यानं विचारलं, “नवरदेव कोठी हाय?”

रहीमभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “हा काय. नवरी कचेरीत वाट पाहून राहिली.”

धून संपली. मास्तर म्हणाले, “सीझन संपला.”

“अन् हिवरखेडचं लगन?” रहीमभाईंनी विचारलं.

“ते नव्या सीझनचं.”

समोरच्या ठेल्यावरून त्यांनी पानं आणली आणि तिथंच सगळ्यांना नवे विडे दिले. सवयीनं मीही हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. “तुले नाही. कॉर्नेट ठेव अन् पय.”

मी पळालो. पळता पळता कोट काढून फेकला. पँटवर बँडची सोनेरी पट्टी तशीच होती, ती साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिल्यावर माझ्या ध्यानात आली. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसून खुर्ची दाखवली. आठवड्यात निकाल लागला. मला नोकरी मिळाली होती. आमच्या घरात त्या दिवशी कुणाचेच पाय जमिनीवर नव्हते.

मास्तर गेल्याचं मला फार उशिरा कळलं. रहीमभाईंना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, की मी अकोल्याला उतरलो त्या वर्षी कॉर्नेटवाले विचारायला येत होते, पण मास्तरांनी कुणालाच घेतलं नाही. बँड चालायचा तो रांगेत एका माणसाची जागा सोडून. ‘पोरगा नापास झाला तं उभा कोठी राहीन?’ असं ते म्हणत.

नोकरी लागल्याचं मी मास्तरांना कळवलंच नव्हतं. त्या सीझनच्या शेवटच्या वरातीपर्यंत ते ती जागा सोडूनच चालले.