परदेशी माणसाची खुर्ची

"परदेशी मानूस आदी बसवायचा, मग लुटायचा," असं म्हणताना हवालदार कमरेत वाकायचे, दोन्ही तळहात समोर नसलेल्या खुर्चीकडे न्यायचे आणि असे काही हसायचे, की माणसाला वाटावं, घ्या बुवा लुटून.

माझं शिवणाचं मशीन त्यांच्या ओट्याला लागूनच. सातवी पास झालो, पुढं शाळेनं मला सोडलं का मी शाळेला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. तेव्हापासून मी चड्ड्या शिवतो आणि गावातल्या माणसांच्या नकला करतो. पाटलांचं खोकणं, गुरुजींचं धोतर सावरणं, सगळं आपल्याला येतं. हवालदारांचं वाकणंही चटकन आलं. हसणं मात्र येईना. ते खरं हसतायत का दुकान मांडून हसतायत, तेच कळायचं नाही. आता खरंखोटं कळल्याशिवाय नक्कल करायची कशाची, तुम्हीच सांगा.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. लढाईवर जाऊन येतात आणि लढाईचं अवाक्षर काढत नाहीत. आमच्या हवालदारांनी ब्रह्मदेश पाहिला, जपानी पाहिला, पायात गोळी घेतली. पण विचाराल तेव्हा सांगणार काय, तर ब्यांकाकचं नाचघर. जपान्यांनी बंदुका टाकल्यावर त्यांची पलटण सयामात जाऊन बसली होती. काम काही नाही, संध्याकाळ मोकळी. मग ही सगळी मंडळी नाचघरात.

"दारावर यक मानूस," हवालदार सांगायचे. "त्यो त्वांडाकडं बगतच न्हाई. बुटाकडं बगतुया. बुटावरनं वळखनार, गोरा का हिंदी का चिनी. गोऱ्याला कोच, बाजाच्या जवळ. आमाला लाकडी खुर्ची, खांबाच्या आड. पर दर? दर दोगास्नी सारकाच. परदेशी दर. तितल्या मानसाच्या दुप्पट."

"मग भांडला न्हाई तुमी?"

"कसा भांडनार? तवर गरम टावेल आला की!"

हा टॉवेल ऐकण्यासारखा होता. बसल्याबरोबर एक पोरगी बशीत वाफाळता टॉवेल आणायची. तोंड पुसलं की माणूस निम्मा गार. मग दुसरी एक येऊन शेजारी बसणार. तिच्यासाठी दारू मागवायची. तिच्या ग्लासात कोरा चहा, बिलात मात्र दारू.

"आनि तुमाला कळत व्हतं?"

"पयल्याच दिवशी कळलं. तिनंच सांगितलं. ग्लास माज्या नाकाखाली धरला आनि हसली." आणि हवालदार तेच हसायचे.

ही 'ती' मात्र कायम तीच असायची. पलटण तिथं होती तोवर रोज संध्याकाळी तीच येऊन बसायची. बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. ओल्या बोटानं टेबलावर त्यांनी तिला मुळशीचं धरण काढून दाखवलं होतं, डोंगर काढून दाखवले होते. निघताना ती एक बोट वर करून विचारायची, "टुमारो?" हे म्हणायचे, "टुमारो." शेवटच्या दिवशीही म्हणाले. पहाटे ट्रक आले, पलटण बंदरावर, तिथून जहाजावर. निरोप देणं राहूनच गेलं.

इथपर्यंत आलं की हवालदार मग एकदम मला विचारायचे, "टेलर, तुला काय वाटतंय? ती थांबली आसंल का दुसऱ्या दिशी?"

"दुसरं गिऱ्हाईक बघितलं आसंल की तिनं. धंदाच हाय त्यो."

"व्हय. धंदाच हाय," ते म्हणायचे. त्यांना बरं वाटायचं. धंदा म्हटला की कुणी कुणासाठी थांबत नाही, आणि कुणी थांबलं नाही तर यांची काही चूक नाही. पण दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न. पंधरा वर्षं झाली, लग्न केलं नाही, गोळीचा पाय थंडीत दुखतो, आणि माणूस शिंप्याला विचारतोय की ब्यांकाकची बाई थांबली असेल का! मी तर मुळशी तालुक्याबाहेर नीट गेलेलो नाही. पुणं पाहिलंय, तेही दोरा आणायला.

मग जत्रेचा तो प्रकार झाला.

आमच्याकडं चैत्रात देवाची जत्रा, संध्याकाळी दिवे लागले की तमाशा. गाव वर्गणी काढतं, तमाशा बघायला येतो मात्र सगळा तालुका. त्या वर्षी पंच देवळात बसले होते आणि हवालदार उठून उभे राहिले.

"गाववाल्याला फुकाट. परदेशी मानसाला तिकीट. पर तिकीट घेतलं की त्याला खुर्ची, गरम टावेल आनि शेजारी बसून इचारपूस."

"शेजारी कोन बसनार?" पाटलांनी घाबरून विचारलं.

"मी बसंन."

पंचांचा जीव भांड्यात पडला. ठरलं. शाळेच्या खुर्च्या आल्या. टॉवेल मी शिवले, जुन्या धोतराचे. कनातीच्या दारावर हवालदार उभे राहिले, पलटणीतला शर्ट घालून, आणि लोकांच्या पायांकडं बघू लागले. इथंच सगळं फसलं. आमच्याकडं पायांवरून काय ओळखणार? निम्मे अनवाणी, उरलेल्यांच्या वहाणा एकाच चांभाराच्या.

"कुटला?"

"भूगावचा."

"परदेशी. तिकीट."

"आवो, माजी आत्या हितं दिलीय!"

"आत्याचा काय संबंद?"

"आत्याच्या घरी जेवून आलोय!"

गावात जेवलेला माणूस परदेशी कसा, यावर दारातच वाद पेटला. तेवढ्यात नेऱ्याचा एक जावई आला. नवा फेटा, सोबत मेहुणे. हवालदारांनी वाकून खुर्ची दाखवली आणि तिकीट मागितलं. जावई तिथल्या तिथं रुसला. परत फिरला, थेट सासऱ्याच्या घरी. पाचव्या मिनिटाला सासूबाई कनातीच्या दारात.

"हवालदारा! माज्या जावयाला परदेशी म्हंतुस व्हय रं? माजी लेक काय सयामात दिलीया?"

"काकू, कायदा हाय—"

"तुजा कायदा घाल चुलीत. त्याला आत घे, न्हाईतर मी हितंच बसते."

हवालदारांनी जावयाला आत घेतलं, टॉवेलसकट. आणि तीच चूक झाली. जावयाला तिकीट नाही ही बातमी नदीपलीकडं पोचली. मग जो येईल तो जावई. माणचा जावई, पौडचा जावई, अख्खं नेरे तर आमचं जावईच झालं. एक म्हातारा काठी टेकत आला, त्याला विचारलं तर म्हणे, "व्हनार हाय." मी पोट धरून हसत होतो. हवालदार तिकिटांची गड्डी हातात धरून उभे. पंधरा वर्षं मनात बांधलेलं नाचघर आणि त्यात एकही परदेशी नाही.

मग एकजण आला. बूट घातलेला.

घाटात रस्त्याचं काम चाललं होतं, तिथला ओव्हरसियर. मद्रासकडचा. मराठी येत नव्हतं, हिंदीही अडखळत. त्याची आत्या इथं दिलेली नव्हती, तो कुणाचा जावई नव्हता. कुणी त्याला या म्हटलं नव्हतं, आवाज ऐकून उतरून आला होता. हवालदारांनी त्याच्या बुटाकडं बघितलं आणि त्यांचा चेहराच उजळला.

तुम्ही पाहायला हवं होतं. असे वाकले, की मला वाटलं पाठ अडकणार. त्यानं मुकाट तिकीट काढलं. सगळ्यात पुढं खुर्ची. टॉवेल आणायला हवालदार स्वतः पळाले, इतका गरम आणला की त्या माणसानं "अय्यो" केलं. मग शेजारी बसले. पुढं ढोलकी, नाचणारीण समोर येऊन गिरक्या घेतेय, गाव शिट्ट्या मारतंय, आणि हे दोघं एकमेकांकडं तोंड करून बसलेत.

"नाव क्या? गाव क्या? मा है?"

त्यानं सांगितलं, आई गेली. रस्त्याच्या कामामुळं जाता आलं नाही. मग बोटांनी खुर्चीच्या हातावर काहीतरी काढून दाखवायला लागला. त्याचं घर असावं, नाहीतर नारळाचं झाड. लांबून काय कळणार? हवालदार मान हलवत होते. निघताना त्यांनी एक बोट वर केलं.

"संडे आव. मेरे घर. मुर्गी."

"संडे," तो म्हणाला. त्यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला.

तो गेल्यावर हवालदार माझ्याकडं वळले, अगदी खुशीत. "बगितलं का, टेलर? आसं करायचं आसतंय. त्याला वाटलं मी त्याचाच."

"मग न्हाई का?"

"न्हाई रं लेका! ह्यो धंदा हाय. तिकीट काडलंय त्यानं."

"आनि मुर्गी?"

"ती बोलायची आसती. टुमारो म्हंत्यात तसं."

मला पटलं. हवालदारांना एकदाचं कळलं, त्या प्रश्नातून सुटले बिचारे, असं वाटून मी घरी जाऊन झोपलो.

रविवारी सकाळी मशीन उघडतो तर शेजारी कोंबडीचा आरडाओरडा. हवालदारांकडं एकच कोंबडी होती, अंडी देणारी. ती कापली होती. ओटा सारवला होता. स्वतः दाढी करून, शर्ट घालून, कुणाकडून तरी मागून आणलेल्या खुर्चीवर हात फिरवून पाहत होते, खिळा वर आलाय का म्हणून.

"हवालदार, धंदा हाय ना?" मी विचारलं.

"धंदाच हाय. पर त्यो आला तर?"

रस्सा झाला. मद्राशाला आंबट लागतं असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून त्यात चिंच घातलेली. दुपार झाली. हवालदार घाटाकडून येणाऱ्या वाटेला तोंड करून बसले. स्वतः खुर्चीवर नाही, ओट्यावर. खुर्ची रिकामी. मी एक सदरा संपवला, दुसरा बेतला. मध्ये दोनदा चेष्टा केली. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा त्यांना ऐकूच गेलं नाही.

ऊन उतरायला लागल्यावर खडीचा ट्रक गेला. मी धावत जाऊन ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, ओव्हरसियर? त्याची बदली झाली, काल पहाटे साहेबाच्या गाडीत घालून नेला, सामान मागनं जाणार आहे.

मी येऊन सांगितलं. वाटलं, चिडतील. हवालदार हळूच म्हणाले, "काल पहाटं? मग कुटनं सांगनार त्यो. येळच मिळत न्हाई सांगाया. मला ठावं हाय."

मग त्यांनी वाटेकडून तोंड वळवलं.

"पर टेलर, मी थांबलो की रं."

"मग?"

"मी धंदा केला त्याच्याशी. तिकीट घेतलं, टावेल दिला, सगळं शिकल्यापरमानं. मनात कायबी नव्हतं माज्या. तरी सकाळधरनं हितं बसलोय. म्हंजे…" ते माझ्याकडं बघत राहिले. "म्हंजे तीबी थांबली आसंल."

हे काही बरोबर नव्हतं. तुम्ही मावळातले हवालदार, ती सयामातली बाई, हिशोब कसा लागेल? तिला रोज शंभर ओव्हरसियर भेटत असतील. पण हे त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि समोर ती रिकामी खुर्ची दिसली. मग मी जेवायलाच बसलो. रस्सा इतका आंबट होता की डोळ्यांत पाणी आलं. हवालदारांच्याही आलं. चिंचेनंच आलं असणार.

त्यानंतर त्यांनी नाचघराची गोष्ट सांगितली नाही. पोरं मागं लागायची, "हवालदार, टावेल!" तर म्हणायचे, "काम हाय." काम काही नसायचं. पाऊसकाळ सरला आणि एक दिवस पत्र्याची ट्रंक घेऊन ओट्यावरून उतरले. ओटा आज दोन वर्षं तसाच आहे, त्यावर शेजारची मिरच्या वाळत घालते. ट्रंक उचलायला मी एसटीपर्यंत गेलो होतो.

"मुंबईला गोदीत वाचमन ठेवत्यात," ते म्हणाले. "पलटनीतला यक दोस्त हाय तितं. जहाजं लागत्यात म्हनं ब्यांकाकची."

"तुमी जानार जहाजावर?"

"ह्या पायानं? कोन घेनार मला! पर खलाशी आसत्यात. त्यांच्या हाती निरोप धाडतो. येवडाच, की थांबू नगं. ट्रक आलं व्हतं."

मला हसू यायला हवं होतं. पंधरा-सोळा वर्षं उलटून गेल्यावर 'ट्रक आले होते'! पण ते इतकं सरळ म्हणाले, की मीही सरळच विचारलं, "निरोप द्यायचा कुनाला? बाईचं नाव काय?"

हवालदार एसटीच्या पायरीवर थांबले. मागचा माणूस "चला, चला" करायला लागला. ते आत जाऊन खिडकीशी बसले, माझ्याकडं बघितलं.

"नाव…" ते म्हणाले. "आरं, माजं नाव इचारलं तिनं. गाव इचारलं. आय हाय का म्हनून इचारलं." त्यांचा हात खिडकीच्या गजावर होता. "मी गिऱ्हाईक व्हतो रं. मी कशाला इचारतोय?"

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी पौडच्या वळणाला लागेपर्यंत ते खिडकीतून मागं बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. एकेक नाव घालून बघत असावेत.