भोकं पडलेला फोटो

"जय भीम. बसतो मंग, आधी भिंत पाहू दे." कोणाच्याही घरी गेली की आत्या दारातूनच हे म्हणायची. पाणी नको, खुर्ची नको; चपला काढता काढता नजर वर, हार घातलेल्या फोटोंवर. असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल, जे आपल्याकडे येतं पण आपल्यासाठी येत नाही. मला तर आधी रागच यायचा.

आत्या माझी कोणी लागत नव्हती. गुढियारीच्या आमच्या गल्लीत ती सगळ्यांचीच आत्या. तिच्याकडे एक मोठा जुना फोटो होता. विदर्भातून या हिंदी मुलखात येऊन रेल्वेच्या मालधक्क्यावर राबणाऱ्या आमच्या आजोबा-पणजोबांनी वर्गणी काढून वस्तीत वाचनालय बांधलं, त्याच्या उद्घाटनाचा. बायकापोरांसकट सगळे दाटीवाटीनं उभे. फक्त अर्ध्याअधिक लोकांना डोकी नव्हती.

त्याचं कारण साधं होतं. त्या काळी कोणाचा दुसरा फोटोच नसायचा. माणूस गेलं की घरचे ब्लेड घेऊन आत्याच्या वडिलांकडे यायचे, कारण फोटो त्यांच्याकडे असे. चेहरा कापून न्यायचा, गोल बाजारातल्या स्टुडिओत मोठा करून घ्यायचा आणि मूळ तुकडा फ्रेमच्या मागे खोचून ठेवायचा. वाचनालय पुढे रस्त्यात गेलं. उरली ही चाळणी.

पुढच्या रांगेत एका बाईच्या मांडीवर तान्ही मुलगी होती. ती आत्या. बाईला चेहरा नव्हता. आत्या रांगायच्या आतच आई गेली. मामानं बहिणीचा चेहरा कापून शहरातल्याच बूढापाऱ्याला आपल्या घरी नेला आणि तिच्या मरणाचा दोष देत आत्याच्या घराशी येणंजाणं तोडलं ते कायमचं. आईचं तोंड कसं होतं ते आत्याला माहीतच नव्हतं.

नोकरीतून रिटायर झाल्यावर तिनं ठरवलं, फोटो शहरातल्या अभिलेखागारात द्यायचा. तिथे जुने कागद दुरुस्त करून जपतात, म्हणून ती त्याला 'कागदाचा दवाखाना' म्हणायची. "पेशंट द्याचा तं मुंडक्यासकट द्याचा," म्हणत तिनं फ्रेमचे खिळे उपसायला पिशवीत पक्कड घातली आणि माझ्या स्कूटीवर मागे बसली. पेट्रोल अर्थातच माझं.

लोक तुकडे सहजी देत नव्हते. भिंतीवरून उतरवणं अशुभ, असं माझे बाबाही म्हणाले. आत्या भडकली. "मोठा फोटो राहू दे ना बाप्पा! मांगचा तुकडा दे. तो काहून झुरळाले खाऊ घालून राहिला? तुहा बाप एकटा लटकून हाय, त्याले त्याच्या दोस्ताईत जाऊ दे." बाबांनी मुकाट्यानं स्टूल आणलं.

शेवटी बूढापारा. मामा आता नव्हता. त्याच्या मुलानं दार उघडलं, पण आत या म्हणाला नाही. "दीदी, बाबूजी मना करके गए हैं. उस घर में नहीं देना है."

त्या दिवशी पहिल्यांदाच आत्यानं भिंतीकडे पाहिलं नाही. मान खाली घालून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "माह्या घरी मांगूनच नाही राहिली मी, बाबू. ना तुह्या घरी, ना माह्या. कागदाच्या दवाखान्यात ठेवू. माही माय तुही आत्या हाय ना? कधीबी जाय, पाहून ये, पोट्ट्याइलेबी दाखव."

तो दारातून बाजूला झाला. मग आत गेला, फ्रेम उतरवली आणि छातीशी धरून म्हणाला, "चलो. मैं खुद लेके चलता हूँ."

दवाखान्यात आत्यानं पिशवीतून फेविकॉल काढला. तिथल्या दुरुस्ती करणाऱ्या माणसानं तो घाईघाईनं हिसकावून घेतला आणि गव्हाची खळ कालवायला बसला. "इतका शिकून खळच लावतं का रे?" आत्या म्हणाली, आणि तोही हसला. एकेक चेहरा जागेवर बसत गेला. सर्वांत शेवटी मांडीवरच्या पोरीच्या वर तिची आई आली.

आत्या वाकून बघत राहिली. मग टेबलावर थाप मारून ओरडली, "नाक पाहा! बापाचं नाक घेतलं म्हणून जिंदगीभर चिडवलं साऱ्याइनं. हे तं माह्या मायचं नाक हाय!" मामाचा मुलगा रडत होता. मीही रडत होते. आत्या तेवढी आपल्या नाकावर बोट ठेवून हसत होती.

फोटो तिथल्या भिंतीवर लागला त्या दिवशी अख्खी गल्ली लग्नाला निघाल्यासारखी नटून गेली. त्याच्यासमोर आम्हा सगळ्यांचा एक फोटो काढला.

यंदा आत्या गेली. फ्रेमसाठी तोच फोटो मोबाइलमधून काढला. स्टुडिओवाल्यानं विचारलं, "सिर्फ इनको काट के निकाल दूँ?" आम्ही दुकानात जेवढे होतो तेवढे एकदम ओरडलो, "नाही!"

म्हणून आता तिच्या घरी अख्ख्या गल्लीचा फोटो हार घालून टांगलेला आहे. त्या हारात मी आहे, बाबा आहेत, मामाचा मुलगा आहे, सगळे धडधाकट. नवीन माणूस विचारतं, यात गेलं कोण? ओळखणं सोपं आहे. आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे बघतोय. आत्या भिंतीकडे.