ढोलमामांच्या समोरची जागा

पोकळ वस्तू दिसली की ढोलमामा ती वाजवून बघणारच. टरबूज, पाण्याचं पिंप, तेलाचा रिकामा डबा, काही म्हणून सुटायचं नाही. एकदा माझ्या सुटलेल्या पोटावर टिचकी मारून म्हणाले, "मास्तर, ह्ये भरीव हाय." वारंगा फाट्यावर त्यांचं पत्र्याचं शेड आणि माझं शिलाईचं दुकान यांच्यात एकच भिंत होती, त्यामुळे ही थट्टा रोजचीच.

मामा बँडपथकांचे मोठे ढोल बांधत. भिजवलेली पातळ फळी वाकवून गोल करायची, दोन्ही तोंडांवर ओलं कातडं लाकडी कड्यात बसवायचं, मग या कड्यातून त्या कड्यात दोरी ओवून ताणायची. इथं मात्र माणसं दोन लागतात. ढोल मधे उभा, दोघं दोन अंगांना, आणि ओढ दोन्हीकडून सारखी; नाहीतर ढोलाचं तोंड वाकडं होतं. समोर मामी बसायची. मधे ढोल असल्यानं दोघं एकमेकांना दिसत नसत, म्हणून ढोलाआडून भांडत.

"काहून, झोपली का?"

"तुमीच ढिलं सोडून राहिले, अन् मला बोलता!"

भिंतीपलीकडे हसता हसता माझी शिवण वाकडी जायची.

मामी गेली आणि मामांनी नवा ढोल बांधणं सोडलं. जुन्यांची डागडुजी तेवढी करत. कुणी नव्याचं विचारलं की म्हणत, "आता न्हाई व्हत. तिच्याबिगर ढोल वाजत नसतो." संध्याकाळी शेडमध्ये एकटेच बसून राहत. चहाला हाक मारली तर येत, पण कप हातातच निवून जाई. मला फार वाईट वाटायचं.

यंदा जयंतीच्या मिरवणुकीसाठी बाळापूरचे बँडवाले आले. डीजे नको, मामांचाच ढोल पाहिजे, म्हणून हटून बसले. मी म्हणालो, "मामा, समोरून मी ओढतो की."

"तुमी वढताल हो, पण भांडताल का?"

असं म्हणाले खरं, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी फळी भिजत घातली.

मी मामीच्या जागी बसलो. हाताला फोड आले. ढोलाआडून मामा अवाक्षर बोलले नाहीत.

कातडं वाळल्यावर बँडवाल्यानं पहिला टोला हाणला आणि पलीकडच्या हॉटेलातली माणसं उठून बाहेर आली. इतका घुमणारा ढोल मामांनीही क्वचितच बांधला असेल. बँडवाले खूश झाले. मीही छाती फुगवून मामांकडे वळलो.

ते खाली बसले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "वाजाया नको व्हता हो ह्यो. तिच्याबिगर बी वाजला."